बर्फावरून आलेलं पीठ

बैल हाकण्यात जोथम विकचा हात धरणारा कोणी नव्हता, पण त्या सकाळी बर्फावर गाडी घालायला त्याने साफ नकार दिला. ओन्टारिओ सरोवराकाठच्या किल्ल्यात चारशे शिपाई तीन दिवस उकडलेल्या मक्यावर होते. पिठाची पिंपं समोरच्या बेटावर, दीड मैलावर. मधलं बर्फ उन्हाने भुसभुशीत झालेलं. आदल्याच दिवशी एक घसरगाडी घोड्यांसकट तळाला गेली होती.

"गाडी नकोच," कॅप्टन डनहम म्हणाले. "बैल सोड, दोर घे."

"दोराने काय करणार साहेब? सरोवराला दावं बांधणार?"

शिपाई हसले. अडतीस वर्षं हा कॅप्टन पलटणींना रसद पुरवत होता. तलवार कधी उपसली नाही, म्हणून मागून सगळे त्याला 'पिठ्या' म्हणत. जोथमही म्हणायचा.

कॅप्टन काठीने बर्फ ठोकत पुढे निघाले. मधूनच एकसष्ट वर्षांचा तो माणूस पालथा पडून बर्फाला कान लावी, आणि वाट बदली. मागून वीस जण त्याच्या पावलावर पाऊल टाकत होते.

बेटावर त्यांनी पिंपं आडवी करवली. दोन्ही तोंडांच्या मधोमध जाड खिळा, खिळ्यांना लांब दोर. "गाडीचं ओझं एका जागी बसतं. एकटं पिंप लोळत जातं. माणसाने तीस पावलं पुढून ओढायचं. दोन पिंपांत अंतर ठेवा."

"हे कुठे शिकलात?" जोथमने विचारलं.

"सतराशे सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात. मी गाडी घातली होती. दोन माणसं गेली."

जोथमने पुढचा दोर उचलून खांद्यावर घेतला.

वीस माणसांनी दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला जोथमच्या मागे बर्फ कण्हलं आणि त्याचं पिंप खाली गेलं. दोर हाताला काचत त्याला मागे ओढू लागला.

"सोड," कॅप्टन शांतपणे म्हणाले.

"साहेब, शंभर माणसांचं..."

"सोड म्हटलं ना. पीठ मी आणीन कुठूनही."

त्याने सोडलं. काठावर पोचून मागे पाहिलं, तर पांढऱ्या सरोवरावर पिंपांची रांग संथ लोळत येत होती, आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत पातळ बर्फावर, म्हातारा एकटा काठी टेकत चालत होता. तटावर शिपाई दाटीने उभे होते.

एकोणचाळीस पिंपं आली. संध्याकाळी भट्ट्या पेटल्या. कॅप्टननी बूट काढले तेव्हा पाय निळे पडले होते. जोथमने ते आपल्या कांबळ्यात गुंडाळले.

"मीठ किती दिवसांचं आहे रे?" त्यांनी विचारलं.

जोथमने डोक्यावरची टोपी काढली.