बद्द वाजणारा

मित्रांनो, मी एका लेथ मशीनचा जुना बेड आहे. गादी-उशी शोधू नका. ज्या लांब, जड पाठीवर अख्खं मशीन बसतं, तिला आमच्या कारखान्यात बेड म्हणतात. मी बिडाचा आहे, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्यातही राखाडी जातीचा. हा रंग बाहेरून दिसत नाही. तो कुठे असतो, हे मलाही पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हतं.

माझा जन्म वाळूत झाला. ओताऱ्याने लाकडी नमुना वाळूत दाबला, काढून घेतला आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड सोडलं. बीड मोठं वाहतं असतं, कानाकोपऱ्यात शिरून बसतं. मी गार झालो. आता कौतुक होणार, असं वाटत होतं, तर मला उचलून आवारात टाकलं! वर्षभर ऊन, पाऊस आणि एक मांजर माझ्या अंगावर होतं. मी काय गुन्हा केला, हा प्रश्न मी मांजरालाही विचारला. खरं कारण पुढे कळलं. पातळ भाग लवकर गार होतात, जाड भाग उशिरा, आणि त्या ओढाताणीचा ताण अंगात राहतो. तो निवळेपर्यंत ओतारी थांबतात. मग पाठ घासून सरळ केली, की ती सरळच राहते.

कारखान्यात माझ्यावर आक्का काम करायची. आक्का टर्नर होती, म्हणजे फिरत्या लोखंडावर हत्यार टेकवून त्याचे गोल दांडे करणारी. तीस वर्षं तिने काठोकाठ भरलेला चहाचा पेला माझ्या कडेवर ठेवला. वर मशीन घरघरायचं, पण चहावर एक लहर उठायची नाही. थरथर मी आतल्या आत गिळायचो. म्हणून तिचे दांडे आरशासारखे निघायचे. मालक आल्यागेल्याला ते दाखवायचे. दांडे हं, मला नव्हे.

मग मालकांचे जावई कारखान्यात आले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला सगळं समजत होतं. पोलादी पट्ट्या जोडलेलं एक नवं, हलकं मशीन त्यांनी पसंत केलं होतं. त्यासाठी जागा हवी होती, आणि जागेवर मी होतो. आक्काला माल बांधायच्या टेबलावर बसवायचं ठरलं. मला न्यायला संध्याकाळी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. मालकांना हे पटलं नव्हतं, पण जावयाला नाही म्हणायचं कसं, या विचारात त्यांचे तीन आठवडे गेले होते.

त्या दुपारी जावयांनी पाना उचलून नव्या मशीनच्या, नमुना म्हणून आणलेल्या पट्टीवर मारला. टण्ण! मग माझ्यावर मारला. बद्द.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "फुटकं मडकं असंच वाजतं. आत तडा आहे."

"बीड आहे ते, जावईबापू," आक्का म्हणाली. "बीड असंच वाजतं. घंटा करायची असती तर गोष्ट वेगळी."

"आक्का, तुम्ही माया करता त्याच्यावर."

"करते. तीस वर्षांत एकदा उलटून बोललेलं नाही ते. इथं असे किती आहेत?"

मालकांनी छताकडे पाहिलं.

जावई इरेला पेटले. त्यांनी मोठा हातोडा घेतला. मला जमिनीला बोल्टने जखडलं होतं, आणि बोल्टसाठी माझ्या पायाला एक कान होता. त्या कानावर त्यांनी बाजूने घाव घातला. वरून कितीही वजन ठेवा, मी हूं की चूं करत नाही. पण ताणणं आणि आडवा घाव मला सोसत नाही. मी वाकत नाही, पोचा घेत नाही, एकदम तुटतो. कान तुटून आक्काच्या चपलेपाशी पडला.

"बघा!" जावई ओरडले. "म्हटलं नव्हतं? तडा होताच!"

मला वाटलं, संपलं. आता घणाखाली तुकडे आणि मग भट्टी. पण त्याही क्षणी मला एकच उत्सुकता होती: आपण आतून दिसतो तरी कसे?

आक्काने तुकडा उचलून उजेडात धरला. "जुना तडा असता, तर आत गंज दिसला असता. तेल झिरपून काळा डाग पडला असता. हे बघा, सगळं एकसारखं, कोरं. बोट फिरवा."

जावयांनी बोट फिरवलं. बोटाला करडा डाग लागला. त्यांनी तो अंगठ्याने चोळला, वास घेतला.

"पेन्सिलीसारखं काय आहे हे?"

"तेच आहे. ग्राफाइट. त्याच्या बारीक पाकळ्या आहेत सगळ्या अंगात. त्याच थरथर जिरवतात. आवाज कुठून येणार?"

म्हणजे राखाडी होतो तो इथे! मित्रांनो, पोटात पेन्सिल घेऊन मी तीस वर्षं जगलो आणि मला पत्ता नव्हता.

मालक खुर्चीतून उठले. त्यांनी तुकडा हातात घेतला, जावयांकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"जावईबापू, तडा नव्हता. तो आत्ता गेला, तुमच्या हातून. ट्रकवाल्याला फोन करा, येऊ नको म्हणावं."

जावयांनी फोन केला. नवं मशीन आलं, ते दाराजवळ बसलं. माझा कान तापवून जोडू या, असं जावई म्हणाले, पण आक्काने नको म्हटलं. एकाच कोपऱ्याला आच लागली तर घासलेली पाठ वाकडी व्हायची. मग जावयांनी स्वतः एक जाड पट्टी बनवली आणि माझा पाय वरून दाबून धरला. दाबलेलं मला चालतंच. तुटका कान आता त्यांच्या टेबलावर कागद दाबायला असतो. अलीकडे ते चहा घेऊन नव्या मशीनपाशी उभे राहतात, पेला मात्र इकडे येऊन माझ्या कडेवर ठेवतात. आक्का बघून न बघितल्यासारखं करते.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. रोज तेलाचं फडकं फिरवा. हत्यारं माझ्या पाठीवर आपटू नका. आणि खात्री करायचीच असेल, तर हातोडा नको, बोटाने टकटक करा. आवाज बद्द येईल. समजा, सगळं ठीक आहे.