सूरजदादाची फाईल

"आवं, नेट काय फुकट देता व्हय आमाला? टोरंट दिसलं की लाइन आवळता!" मल्हारनं टेबलावर हात आपटला.

गुंडा विट्यात इंटरनेटच्या जोडण्या द्यायचा. सांडता चहा सावरत म्हनला, "मी न्हाई आवळत, गड्या. कंपनीची मशीन आवळती. असली फाईल दिसली की नळीवर पाय दिल्यागत धार बारीक. पिच्चर चोरायचं, आन वर तोंड करून भांडायचं!"

"पिच्चर न्हाई त्यो. सूरजदादाचं हाय."

गुंडानं चहाचा कप खाली ठेवला.

सूरज मल्हारचा थोरला भाऊ. हुबळीला नाथाजीमामाच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळायचा. श्रावणात तिथंच ॲसिडचा धूर छातीत ग्येला आन पोरगं संपलं. त्याच्या आधी दोन दिस त्यानं आपलं समदं व्हिडिओ एका फाईलीत बांधून टोरंटवर लावलं व्हतं, मल्हारला लिंक धाडली व्हती. टोरंटची फाईल ज्याच्याकडं हाय त्याच्याच मशीनीतनं येती, आन ही व्हती जगात एकाच कॉम्प्युटरवर, सूरजच्या. त्याचा पासवर्ड कुनाला ठावं न्हाई. मामाला दुकानावरच्या त्याच्या माडीवर चढायचा धीर होईना, म्हनून मशीन तशीच चालू राह्यली. मानूस ग्येला, त्याची मशीन थेंब थेंब देत व्हती. आन समदी आल्याबिगर फाईल उघडनार न्हाई. हिकडं मल्हारला दादाचा आवाजच आठवंना झाला व्हता.

आई, अंजना, स्क्रीनम्होरं बसून असायची. फाईल किती आली ते दावनारी हिरवी रेघ हालली की म्हनायची, "उठला वाटतं." थांबली की, "जेवत आसंल. दम धर." मल्हारच्या अंगावर काटा यायचा. वरडायचा तिच्यावर. मग सोताच रेघंकडं बघत बसायचा.

"उपाय न्हाई का कायच?" त्यानं इचारलं. "मामा उद्या दुकान रिकामं करतोय."

"हाय की. वर सांगितलं की लाइन मोकळी करत्यात." गुंडानं नजर खाली घातली. "मी करनारच व्हतो, रं. पर तुजी आई आली. म्हनली, सावकास येऊ द्या. समदं हिकडं आलं, तर त्यो तिकडं कशाला थांबंल?"

मल्हार ताडकन उठला. मग म्हनला, "करा मोकळी. आत्ताच्या आत्ता."

गुंडानं फोन लावला. मल्हार पळतच घरी आला. रेघ सुसाट सुटली व्हती. आईनं टेबलाची कड गच धरली व्हती.

"लय घाई करतोय गं बाई," ती पुटपुटली. "दमंल की."

आन रेघ थांबली. बोटभर राह्यली व्हती. फाईल देनाऱ्या मशीनी किती, तर शून्य.

मल्हारनं मामाला फोन लावला.

"आरं, नवा भाडेकरू आजच आला," मामा म्हनला. "फ्यूज काढला आत्ता. ती मशीन व्हय? भायेर ठेवलीया. भंगारवाला यील सांजच्याला."

"हात लावू नगा तिला! कुनाला द्यायची न्हाई. मी येतोय!"

फोन खिशात कोंबून त्यो वळला. दारात आई. दोनी हात चौकटीला.

"तिथं जायचं न्हाई."

"आये, सर."

"एक दिला मी त्या गावाला. तू न्हाई जायचं."

"त्याचा आवाज हाय त्यात. भंगारात घालू?"

"आसू दे भंगारात. तू हितं रहा. तुजा आवाज हाय न्हवं मला."

स्टँडवरची गाडी सुटायला झाली व्हती. मल्हारनं तिचा एक हात चौकटीवरनं सोडवला, मग दुसरा. हात बर्फागत गार.

"सोड, आये. मला आत्ता निघाया पायजे."