आमदारांकडे मान करून

मित्रांनो, आधी माझी खरखर सहन करा, मग माझी कहाणी ऐका. वस्तीच्या हॉलमधला उभा पंखा आहे मी, तेवीस वर्षांचा. कारखान्यात मला जोडलं तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी पाठीमागची खुंटी दाबली आणि माझी मान डावीकडून उजवीकडे फिरू लागली. तेव्हापासून एकाच जागी बघत राहणं मला जमत नाही. स्वभावच तसा.

हॉलमध्ये दर दोन महिन्यांनी आमदार येतात, कधी एक, कधी दोघे. सरकार कोणता नवा नियम करणार आहे ते सांगतात आणि लोकांचं म्हणणं ऐकून घेतात. ते यायच्या आधी शिपाईमामा माझी खुंटी ओढतात आणि मान मंचाकडे वळवून ठेवतात. साहेबांना घाम येता कामा नये. खाली बसलेले दीडशे लोक हातातल्या अर्जांनी वारा घेत असतात आणि मला त्यांच्याकडे वळताही येत नाही. जीव नुसता खालीवर होतो. एकदा एक आमदार म्हणाले होते की हवा छान गार लागते. त्या एका कौतुकावर मी कित्येक वर्षं फुगून होतो.

मग मागच्या उन्हाळ्यातली बैठक आली. वर्षाला शंभरापेक्षा कमी बाळंतपणं होणारी प्रसूतिगृहं बंद करायची, असं सरकारच्या मनात होतं. आमच्या वस्तीचं प्रसूतिगृह त्यात सापडत होतं. तिथल्या नर्सबाई बोलायला उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षांची नोकरी, अर्ध्या वस्तीला पहिली अंघोळ त्यांनीच घातलेली. पण सगळा जन्म झोपलेल्या बाळांच्या खोलीत गेला, त्यामुळे आवाज अगदी हळू. माईक एकच होता आणि तो आमदारांपुढे.

त्या बोलत होत्या आणि मी खरखरत होतो. त्या दिवशी आलेल्या दोन आमदारांपैकी थोरल्यांनी कानामागे हात धरून दोनदा "काय?" विचारलं, तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलं. मित्रांनो, तेव्हा मला लाज वाटली. तेवीस वर्षं लोकांचं बोलणं मीच खात आलो होतो. मला थांबायचं होतं, पण पंख्याला स्वतःला बंद करता येतं का?

नर्सबाई बोलता बोलता थांबल्या, माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी बटण दाबलं. शिपाईमामा धावत आले. "बाई, साहेबांना उकडेल."

"पाचच मिनिटं," त्या म्हणाल्या.

माझी खरखर थांबली आणि बाई सांगू लागल्या. वर्षाला एकसष्ट बाळंतपणं, हा आकडा खरा. पण तीन वर्षांपूर्वी रात्रपाळीची डॉक्टर काढून घेतली, म्हणून बायका लांबच्या इस्पितळाकडे निघतात.

"गेल्या वर्षी चौघी वाटेतच बाळंत झाल्या. एकीचं बाळ गेलं. ते तुमच्या शंभरात कुठे धरलंय?"

आमदारांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. माझी पाती शिवशिवत होती. पण बटणाला कुणी हात लावला नाही. थोरल्या आमदारांनी वही उघडली.

"बाई, पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले.

पाच मिनिटांची पस्तीस झाली.

पुढच्या बैठकीत आमदारांनी बंद होणाऱ्या प्रसूतिगृहांची यादी वाचली. आमचं नाव त्यात नव्हतं, उलट रात्रपाळीची डॉक्टर परत मिळणार होती. सगळ्यांनी माना वळवून नर्सबाईंना शोधलं. त्या कुठेच दिसेनात. शिपाईमामा म्हणाले, "त्या नाही यायच्या आज. दोघी एकदमच आल्यात बाळंतपणाला."

मित्रांनो, माझी जाळी पुसा, दोन थेंब तेल घाला, एवढं तर मी मागणारच. पण हळू आवाजाचं कुणी बोलायला उभं राहिलं, तर मला खुशाल बंद करा. तळमळेन थोडा, पण तुमच्याबरोबर मीही ऐकेन.