इंग्लंडचा खलाशी

माझ्या बहिणीचा, मेरेरिदचा नवरा इदवाल स्पेनच्या किनाऱ्यावर वारला. जानेवारीच्या वादळात जहाज खडकावर फुटलं. बाकीचे समुद्रानं ठेवून घेतले. हा एकटा जिवंत वाहून आला आणि दोन रात्री काढून गेला. उन्हाळ्यात आम्ही दोघी त्याची कबर बघायला निघालो. मेरेरिदला इंग्रजी मोडकंतोडकंच यायचं. आमच्या गावात घरी, दुकानात, चर्चमध्ये सगळं वेल्शच. मी लिव्हरपूलला एका घरी कामाला होते, म्हणून बोलायला मी.

कबर नीट राखलेली होती. दगडावर स्पॅनिशमध्ये कोरलं होतं, 'इंग्लंडचा खलाशी.'

मी वेल्शमध्ये अर्थ सांगितल्यावर मेरेरिद म्हणाली, "इंग्लंडचा? तिथं कधी राहिला तो?"

गावातले शाळामास्तर एलादिओ आमच्यासोबत होते. त्यांना इंग्रजी येत होतं. मी म्हटलं, "मास्तर, तो वेल्सचा होता."

"पण झेंडा ब्रिटिश होता ना, बाई?"

"झेंडा ब्रिटनचा. इंग्लंड त्यातला एक देश, वेल्स दुसरा."

"आम्हाला आपलं सगळं इंग्लंडच," ते ओशाळून म्हणाले. मला राग आला नाही. लिव्हरपूलच्या माझ्या मालकीणबाईंनाही सगळं इंग्लंडच वाटायचं.

इदवालला ज्या बाईनं घरात घेतलं होतं, त्या साबेलाकडे आम्ही जेवायला बसलो. ती कोळ्याची विधवा. ती बोलायची, मास्तर इंग्रजीत सांगायचे, मी मेरेरिदला वेल्शमध्ये.

"सारखा बोलत होता बिचारा," साबेला म्हणाली. "म्हटलं, इंग्लिश माणूस आहे, मास्तरांना बोलवा."

मास्तर म्हणाले, "मला काही अर्थ लागेना. वाटलं, डोक्याला मार बसलाय, बरळतोय. एकच शब्द ओळखीचा वाटला. 'एअर, एअर' करत होता. हवा मागत होता. मग खिडक्या उघडल्या, दारही उघडलं."

"पांघरूण काढलं," साबेला म्हणाली. "जीव गुदमरू नये म्हणून रात्रभर वारा घालत बसले मी."

हे मेरेरिदला सांगताना तो शब्द मी मास्तरांसारखाच उच्चारला. तिनं चमचा खाली ठेवला.

"तिला विचार. मास्तरला नको. तो कसा म्हणायचा?"

साबेलानं डोळे मिटले. आठवून आठवून म्हणाली, "ओय्र."

आमच्या भाषेत ओय्र म्हणजे गार. त्याला थंडी वाजत होती.

मेरेरिदनं ताट बाजूला सारलं. मास्तरांचा चेहरा उतरला. "काय झालं? दुसरा काही अर्थ होतो का?"

"सांगू नकोस," मेरेरिद मला वेल्शमध्ये म्हणाली. "पोटच्या पोरासारखं केलंय तिनं त्याचं."

"आणि मास्तरांना?"

"त्यांनाही नको."

मी म्हटलं, "काही नाही, मास्तर. हवाच. घरीसुद्धा त्याला खिडकी बंद चालायची नाही."

मास्तरांनी श्वास सोडला. साबेला रडत उठली आणि तिनं मेरेरिदचे दोन्ही हात हातात घेतले. "मला वाटलंच होतं गं! खिडकी उघडली नि जरा वेळानं शांत झाला बघ." मेरेरिदनं हात सोडवून घेतले नाहीत.

बाहेर आल्यावर मेरेरिद धक्क्याच्या कठड्याशी थांबली. म्हणाली, "मास्तर नसते तर साबेलानं नुसतं त्याच्याकडे बघितलं असतं, नेस्ता. कुणाला काहीच कळलं नसतं, तर पांघरूण तरी घातलं असतं."

निघताना मास्तरांनी दगड बदलून देण्याचं कबूल केलं. आमच्या देशाला आम्ही काय म्हणतो ते विचारलं. कम्री, मी सांगितलं. त्यांनी ते दोन-तीनदा घोकलं.

घरी इदवालची आई चुलीपाशी वाट बघत बसलेली. "उबेत होता ना गं माझा पोरगा?"

"हो, आई," मेरेरिद म्हणाली. "दोन-दोन पांघरुणं होती."

म्हातारी त्याच हिवाळ्यात गेली. मेरेरिद हा विषय पुन्हा माझ्याजवळही बोलली नाही. फक्त आमच्या घरी आली की येशूच्या तसबिरीखालची भिंतीकडची खुर्ची सोडून दाराजवळच्या वाऱ्यात बसायची, आणि मी शाल दिली तरी घ्यायची नाही. पुढं स्पेनमध्ये यादवी पेटली, टपाल बंद झालं. दगडावरचं नाव बदललं की नाही, ते कळलं नाही.