टेबलावरचा चिमटा

वडील जाऊन अठरा दिवस झाले होते आणि या अठरा दिवसांत ती एका जागी धड पाच मिनिटं बसली नव्हती. कपाटं आवरायची, आवरलेली पुन्हा उपसायची. शेवटी आईच वैतागली. "कामावर जा बाई एकदाची. तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरायला लागलंय."

म्हणून ती आली. पोलाद कारखान्याच्या चाचणी विभागात ती धातुतज्ज्ञ होती आणि वडील त्याच विभागात बत्तीस वर्षं घणयंत्रावर होते. घणयंत्र म्हणजे लंबकासारखा झुलणारा जड हातोडा. बोटाएवढा पोलादाचा तुकडा, मधोमध खाच पाडलेला, त्याच्या वाटेत ठेवायचा. हातोडा सुटतो, तुकडा तोडून पलीकडे जातो आणि तोडायला किती जोर लागला ते काटा सांगतो. थंड मुलखात जाणाऱ्या तुळयांचा तुकडा आधी उणे चाळीसच्या स्पिरिटात बुडवून ठेवायचा. एरवी मुकाट वाकणारं पोलाद कडाक्याच्या थंडीत काचेसारखं तडकू शकतं, आणि ते पुलावर कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं. बाहेर काढल्यावर पाच सेकंदांत घण पडलाच पाहिजे, नाहीतर तुकडा ऊब धरतो आणि खोटं बोलतो. वडिलांचा हात कधी साडेतीनच्या पुढे गेला नाही. सगळा कारखाना त्यांना 'पाचसेकंद' म्हणायचा. जेवायलाही तेवढाच वेळ लागतो, अशी त्यावर पुरवणी.

ती खुर्चीत टेकते न टेकते तोच पाठवणीवाला दारात उभा. "मॅडम, फार वाईट झालं." मग अवघडून हातातला कागद पुढे केला. "तुळया गाडीवर चढल्यात. ड्रायव्हर सकाळपासून माझं डोकं खातोय. दाखल्यावर तुमची एक सही झाली की सुटलो बघा."

तिनं कागद पाहिला. तीन तुकड्यांचे आकडे: चौतीस, एकतीस, छत्तीस. सरासरी सत्तावीस पुरली असती. खाली चाचणी घेणाऱ्याची सही, वडिलांची, शेवटचं अक्षर घसरलेलं. त्याखाली 'तपासले' आणि तिची आद्याक्षरं. महिन्यापूर्वीची. तिनं पेन उघडलं, बंद केलं आणि उठली.

"आलेच."

"मॅडम, सही तर—"

"आलेच म्हटलं ना."

काहीच काम नसताना ती घणयंत्राच्या खोलीत शिरली. तिथं खाचवाले काका बसले होते, तुकड्यांना खाचा पाडून देणारे, वडिलांचे जुने दोस्त. चार लोकांत ते तिला मॅडम म्हणत, एरवी पोरी.

"आलीस पोरी? बरं केलंस. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा हे बरं."

तिचं लक्ष टेबलाकडे गेलं. तुकडा उचलायचा चिमटा फडक्यावर नीट मांडून ठेवला होता. "काका, हा इथं का? स्पिरिटात नको का असायला?"

"असायचाच. शेवटचे दोन महिने पाचसेकंदनं टेबलावर ठेवायला सुरुवात केली. मी म्हटलं, म्हाताऱ्या, नियम विसरलास का? तर मला म्हणतो, तू तुझ्या खाचा पाड." काका हसले. "मरेपर्यंत तोरा काही गेला नाही गड्याचा."

ती हसली नाही. चिमट्याचा दात नेमका खाचेत बसतो. म्हणूनच तो तुकड्याबरोबर गार करायचा असतो. खोलीतला चिमटा उचललात, तर जिथं तुकडा तुटणार नेमकी तिथंच ऊब लागते. मग पाच सेकंद पाळा नाहीतर तीन.

वडिलांना कॅन्सरवर चालू असलेल्या औषधानं बोटांना गार सोसत नव्हतं. गार वस्तूला हात लागला की सुया टोचल्यासारखं व्हायचं. फ्रिजमधलं दूध ती काढून द्यायची. तोंड धुवायला पाणी कोमट, चमचासुद्धा आधी गरम पाण्यात बुडवलेला. एवढं सगळं तिनं घरी सांभाळलं, रोज त्यांच्याबरोबर एकाच बसनं कामावर आली, आणि हा माणूस उणे चाळीसचा चिमटा कसा धरतो हे एकदाही तिच्या मनात आलं नाही. जाड हातमोजे घातले तर दात खाचेत बसत नाही, हेही तिला माहीत होतं.

"काका, गाडीवरच्या तुळयांच्या हीटचे तुकडे उरलेत का?" एका वेळी भट्टीतून ओतलेलं पोलाद म्हणजे एक हीट.

"असतील. का गं?" आणि तिचा चेहरा पाहून त्यांनी पुढचं विचारलं नाही. मशीन चालू केलं.

तीन तुकड्यांना खाचा पडेपर्यंत ती दारापासून खिडकीपर्यंत फिरत राहिली. पाठवणीवाला दोनदा डोकावला. दुसऱ्यांदा काकाच त्याच्यावर खेकसले. मग तिनं तिन्ही तुकडे आणि चिमटा स्पिरिटात सोडले, घड्याळ लावलं, थांबली. पातळ मोज्यातूनही चिमटा चावला. तिची बोटं धडधाकट होती, तरी.

बावीस. सतरा. पंचवीस.

तिनं तुटलेली टोकं दिव्याखाली धरली. वडिलांनी तोडलेले तुकडे राखाडी होते, फाटलेल्या कापडासारखे तंतू निघालेले. हे साखरेसारखे चमकत होते. पोलाद ताणलं गेलं नव्हतं, सरळ मोडलं होतं.

विभागाच्या साहेबांनी आकडे दोनदा वाचले, चिमट्याचं ऐकून घेतलं आणि गाडी थांबवायला फोन केला. त्याबाबतीत त्यांनी क्षणभरही टाळाटाळ केली नाही. मग दार लोटलं. "बस."

"उभीच बरी आहे."

"बरं, हे बघ. अहवालात कारण लिहावं लागेल. नमुने बदलले, असं लिहू. चुकून दुसऱ्याच हीटचे तुकडे येतात कधीकधी. गेलेल्या माणसाच्या नावावर कशाला? बत्तीस वर्षांत त्यांच्या कामाकडे कुणी बोट दाखवलेलं नाही. या तुळया तर आपण परत घेतोच आहोत."

त्यांच्या आवाजात माया होती, तेच अवघड होतं. तिला ते वाक्य लगेच हवंसं वाटलं. नमुने बदलले. दोन शब्द. त्यात वडील नव्हते, तीही नव्हती. कोरा कागद पुढ्यात घेऊन ती एकदाची बसली, 'नमुने' एवढं लिहिलं आणि पुन्हा उठली.

नमुने बदलले असतील तर चूक या एकाच हीटची. बाकीच्या हीट शहाण्यासारख्या दाखल्यानिशी निघून गेल्या, कुठल्या तरी नदीवर, कुणाच्या तरी छपराखाली, आणि पहिल्या कडक हिवाळ्याची वाट बघत उभ्या राहणार. त्यांच्याकडे पुन्हा वळून बघायचं कारण एकच होतं, आणि ते वडिलांच्या बोटांत होतं.

"साहेब, चिमटा बाहेर ठेवून घेतलेली ही एकच चाचणी नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "किती?"

"दोन महिन्यांच्या सगळ्या."

"म्हणजे आता पाचसेकंदचं नाव..."

"माझंही. तपासलं मी होतं."

'नमुने' खोडून तिनं लिहिलं: चाचणी घेणाऱ्याच्या हातांना उपचारामुळे थंडी सोसत नव्हती, म्हणून चिमटा थंड केला गेला नाही. तपासणारीला आजार माहीत होता. तिने विचारले नाही. सही करताना अक्षर घसरलं नाही, याचाच तिला राग आला.

ती परत गेली तेव्हा काका चहा घेत होते. ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. "तो मला बोलला असता तर मीच धरला असता ना चिमटा," ते म्हणाले. "गाढव होता तुझा बाप. पक्का गाढव."

"हो."

"आणि मी त्याच्यावर हसत बसलो." त्यांनी नाक पुसलं, नोंदवही पुढे ओढली आणि मागची पानं उलटायला लागले. "चिमटा बाहेर कधी आला, ते कुठं लिहिलेलं असणार? कुठल्या तारखेपासून तुकडे काढू?"

त्या औषधाची पहिली बाटली लावली तेव्हा पलंगाशेजारच्या स्टुलावर तीच बसली होती. वहीकडे न बघता तिनं त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख सांगितली.