वियामच्या कॉम्प्युटरचं घड्याळ

आमच्या लाराश शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे चौघे आहेत आणि त्यातला सगळ्यात हुशार मी, असं मी स्वतःच सांगत फिरायचो. आता नाही सांगत.

माझ्या दुकानासमोर सी बूसलहाम राहतात; सी म्हणजे आमच्याकडचं श्री. निवृत्त शाळामास्तर. आमच्याकडे सरकारी वेळ वर्षभर एक तास पुढे असते, रमजानपुरती मागे येते आणि ईदनंतरच्या एका रविवारी पुन्हा पुढे जाते. सी बूसलहामना हे मान्यच नाही. सूर्य काय सरकारला विचारून उगवतो का, असं ते म्हणतात, आणि भिंतीवरचं घड्याळ बारा महिने जुन्या वेळेवर ठेवतात. त्यांना किती वाजले विचारलं की अख्खी गल्ली मनातल्या मनात एक तास मिळवून घेते. रमजानमध्ये मात्र सगळा देश त्यांच्या वेळेवर चालतो, तेव्हा महिनाभर त्यांची ऐट बघावी.

त्यांची धाकटी मुलगी वियाम नर्सिंग शिकलेली आहे. तांजिर शहरातल्या एका रुग्णालयातल्या नोकरीसाठी तिची मुलाखत ठरली होती, घरूनच, कॉम्प्युटरवर. घड्याळ पुढे जायचं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी दहाला. कॉम्प्युटर तिच्या थोरल्या भावाचा जुना, अकरा वर्षांचा. ती सरावाला बसली की पडद्यावर मधोमध पाटी यायची: अपडेट तयार आहे. ती बंद करावी तर पाच मिनिटांनी पुन्हा हजर. एकदा तर सराव चालू असतानाच तो आपला आपण बंद पडला आणि पाऊण तास घरघरत बसला. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात तिने मला बोलावलं आणि हे कायमचं थांबवा म्हणाली.

मी थांबवलं. आजकाल ही पाटी नुसती बंद करून भागत नाही, ती मागच्या दाराने परत येते. म्हणून मी मुळावरच घाव घातला. जिथून अपडेट येतं ते बंद केलं, ते पुन्हा सुरू करणारं बंद केलं, त्याची आठवण करून देणारंही बंद केलं. आलेल्या अपडेटांच्या यादीत एक होतं आपल्या देशाच्या वेळेच्या बदलाचं. ते मी वाचलं. कॉम्प्युटरचं घड्याळ तेव्हा तासभर चुकलेलंच होतं, रमजान लागल्याचं त्याला कळलं नव्हतं. मी ते हाताने मागे केलं, आपोआप वेळ लावून घेण्याची सोय काढून टाकली आणि यादी पुसली. एवढ्यासाठी कोण अपडेट घेत बसणार?

वियामने तेव्हा विचारलं होतं, "काका, ईदनंतर हे आपोआप पुढे जाईल ना?"

"अगं, कॉम्प्युटर आहे हा," मी म्हणालो, "तुझ्या बाबांचं भिंतीवरचं घड्याळ नव्हे."

सगळे हसले. सी बूसलहामही हसले. वियामच्या आईने मला रोजा सोडतानाचं सूप, हरीरा, प्यायल्याशिवाय उठू दिलं नाही.

त्या सोमवारी बाराच्या सुमाराला वियाम रस्ता ओलांडून दुकानात आली. मुलाखतीसाठी घातलेले कपडे तसेच होते. मागोमाग सी बूसलहाम. दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तिने शनिवारपासून फोन बंद करून कपाटात ठेवला होता. कॉम्प्युटरवर पावणेदहा झाले तेव्हा ती मुलाखतीला जोडली गेली, तर पलीकडची बाई म्हणाली की तुमची वेळ होऊन गेली, आम्ही पुढच्या उमेदवाराला घेतलं.

"काका, असं कसं झालं?" तिने विचारलं.

मला त्याच क्षणी कळलं: कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे गेलंच नव्हतं, तेव्हा खरे पावणेअकरा झाले होते. यादीतली ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली. तोंड उघडून चूक माझी आहे एवढंच म्हणायचं होतं. पण गिऱ्हाइकं बघत होती.

"बाबांना वेळ विचारली होतीस का सकाळी?" मी म्हणालो.

"कपडे करताना विचारली होती. नऊ म्हणाले."

"मग झालं तर."

महिनाभर एक तास मिळवायची गरज पडली नव्हती, ती सवयच मोडली होती, हे सगळ्यांना लगेच पटलं. भिंतीवरच्या घड्याळाचा कॉम्प्युटरशी काय संबंध, हे कोणी विचारलं नाही, कारण जाणकार मी होतो. एकजण म्हणाला, घ्या मास्तर, लेकीची नोकरी खाल्ली तुमच्या सूर्याने. मी हसलो. लाज वाटत होती, आणि तरी मी हसलो.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ सरकारी वेळेवर लावलं. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात येणं सोडलं. मी शटर उघडताना त्यांच्या दाराकडे बघायचं टाळू लागलो.

तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच माझ्याकडे आले. रुग्णालयाला पत्र लिहायचं होतं. त्यांचं अक्षर हल्ली वेडंवाकडं येतं, म्हणून मी टाइप करून द्यावं. ते स्टुलावर ताठ बसले आणि पूर्वी वर्गात सांगायचे तसं एकेक वाक्य सांगू लागले.

"मी, खाली सही करणारा, वियामचा बाप. मी माझ्या अडाणी हट्टापायी माझ्या मुलीला चुकीची वेळ सांगितली. तिचा यात काही दोष नाही. शिक्षा मला असावी, तिला पुन्हा एकदा बोलावावं."

मी सगळं टाइप केलं. अडाणी हा शब्दसुद्धा. शेवटी त्यांनी नाव सांगितलं, तेव्हा माझी बोटं चालेनात.

मग सांगितलं सगळं. अपडेट, यादी, यादीतली ओळ, आणि त्या दुपारी मला सगळं ठाऊक होतं तेही. मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिलो. त्यांनी मला चारचौघांत फरफटत नेलं असतं तरी माझी ना नव्हती.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की, सी बूसलहाम. माझ्यामुळे."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडले. हात काढले तेव्हा चेहऱ्यावर एवढं सुख होतं की मला तिथे बसवेना. माझ्या अंगावर ओरडायचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. तीन आठवडे तो माणूस काय घेऊन जगत होता, ते मला तेव्हा दिसलं.

मी पत्र पुसायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं.

"पत्र चांगलं झालंय," ते म्हणाले. "नाव तेवढं तुझं घाल. आणि वियामला हाक मार, तिच्यासमोर वाचून दाखव."