रोजाबाईच्या समाप्तीचा शिरा

ती पोथी नव्हती हो! किती वेळा सांगितलं या बायकांना, घसा बसला माझा. ती कादंबरी होती. कारखान्याच्या वाचनालयातून यजमानांच्या नावावर आणलेली, जाड पुठ्ठ्याची, आत शिक्का मारलेली साधी कादंबरी. पण श्रावणात मी कासारवाडीच्या देवळाच्या ओट्यावर महिनाभर पोथी वाचली आणि तिथंच सगळं बिघडलं. पोथी संपल्यावर बायका म्हणाल्या, "सुमनताई, आता म्होरली लावा." मला वाटलं, चला, जरा नवीन काही कानावर पडू दे यांच्या. दुपारी पुस्तक घेऊन गेले तर पाट मांडलेला, उदबत्ती लावलेली, आणि मी पान उघडायच्या आत छबूबाईंनी कव्हरावर हळदकुंकू वाहून टाकलं. वाचनालयाचं पुस्तक! आता तो डाग कसा काढायचा, सांगा मला.

गोष्ट तशी बरी होती. मावळातला हणमंता लढाईत पलटणीबरोबर इटलीला जातो, पायाला गोळी लागते, आणि ज्या घरात त्याला लपवतात तिथल्या रोजा नावाच्या गोऱ्या मुलीवर त्याचा जीव जडतो. लढाई संपल्यावर तो तिला लग्न करून गावी आणतो, आणि इथं आल्यावर तिला निघतो क्षय. हणमंताची आई तिला घरात घेत नाही, मळ्यातल्या खोपीत ठेवते. लेखकाला पानोपानी सूर्य मावळवायची फार हौस होती, तेवढं मी गाळून वाचत होते.

पण वाचू देतील तर ना! रोजा पहिल्यांदा हसली आणि म्हाताऱ्या कुशाबाईंनी मिश्रीचं बोट तोंडातून काढलं. "का गं बाई, मावळात पोरी मेल्या व्हत्या का? न्हाई, मी इचारती. गोरीच कशाला पायजे? बसवा तिला जहाजात आन द्या लावून!"

"असं काय करता मावशी," छबूबाई म्हणाल्या, "गोरी मानसं किती स्वच्छ असत्यात. नातवंडं बघा कशी गुलाबी हुतील." ह्याच छबूबाई क्षयाचं कळल्यावर फिरल्या. "आदीच का न्हाई सांगितलं तिनं? फसवलं की हणमंताला!"

"अहो, तिला तरी कुठं माहीत होतं!" मी म्हटलं.

"बाईला आपल्या अंगातलं ठाव न्हाई व्हय?"

आता काय बोलायचं यांच्याशी? डोकं आपटून घ्यावंसं वाटे. कुशाबाईंना गोरेपणाचा राग, आजाराचं काही नाही. छबूबाईंना गोरेपणाचं कौतुक, आजाराचा राग. आणि या दोघींच्या मधे बसून सारजाबाई रडायच्या. साधंसुधं नाही, पदर ओला होईस्तोवर. "किती सोसतंय गं ते लेकरू! आन ती सासू! कैदाशीण मेली. खोपीत ठिवती व्हय आजारी पोरीला? हिच्या हाताला काय झालंय भाकरी द्यायला?" असं म्हणून बोटं मोडायच्या.

आणि त्या बोटं मोडायच्या तेव्हा त्यांची स्वतःची सून ओट्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी बसलेली असायची.

इंद्रायणी तिचं नाव. चाकणकडची मुलगी, सांगवीपलीकडं औंधच्या इस्पितळात क्षयासाठी वर्षभर राहून बरी होऊन आलेली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि तिच्या नवऱ्याला, मुरारीला, बोलावून सांगितलं की हिच्यापासून आता कुणाला भीती नाही, घरी न्या. मुरारी कारखान्यात शिफ्टमधे औषधांच्या बाटल्या भरणारा माणूस, त्याला काही कळत नाही असं नाही. पण घरात आई म्हणेल ती पूर्व दिशा. सारजाबाईंनी सुनेला घेतली ती गोठ्याशेजारच्या पडवीत. ताट वेगळं, तांब्या वेगळा, भाकरी लांबून टाकायची, चुलीच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. शिवाय दिवाळी झाली की तिला चाकणला पोचवायची, ती कायमचीच, असं सगळ्या आळीला सांगून ठेवलेलं. मला तर वाचता वाचता वाटायचं, पुस्तक मिटून बाईंच्या डोक्यात घालावं. यांना ऐकू येत नाही का आपण काय बोलतोय ते?

नव्हतं येत. खरंच नव्हतं येत, हीच तर आफत होती.

एकदा वाचन उरकल्यावर इंद्रायणी माझ्याबरोबर घरापर्यंत आली. मी विचारलं, "तुला कशी वाटते गं गोष्ट?"

"राग येतो मला त्या रोजाचा," ती म्हणाली.

"अगं!"

"तिला भूक कशी लागत न्हाई ताई? आमाला इस्पितळात असली भूक लागायची, शेजारनीच्या ताटातलं अंडं दिसायचं नुसतं. आमी भांडायचो, रुसायचो, नर्सबाईची नक्कल करायचो. ही आपली खिडकीतनं बघती आन हसती. कोन करतं असं?" मग जरा थांबून म्हणाली, "ती मरनार हाय ना शेवटी?"

मी पुढचं वाचून ठेवलं होतं. मरणार होती. माझ्या तोंडाकडं बघून ती म्हणाली, "मला वाटलंच. म्हनून तर रडायला बरं पडतंय समद्यांना."

रोजाला खोकल्यातून रक्त पडलं त्या दिवशी छबूबाई म्हणाल्या, बंद करा, असलं घरादारात नको. कुशाबाईंनाही गोरीचा कंटाळा आलेला. मी म्हटलं, ठीक आहे, करते पुस्तक परत. तर सगळ्याजणी अंगावर आल्या. लावलेली पोथी अर्धी सोडायची? दोष लागतो! मी कपाळाला हात लावला. "बायांनो, पोथी नाही ही!" कुणी ऐकलं असेल तर शपथ.

शेवटी रोजा मेली. हणमंताच्या मांडीवर डोकं ठेवून, हसत, आणि अर्थात सूर्य मावळताना. ओट्यावर असा आकांत झाला की गुरवीण काय झालं म्हणून धावत आली. सारजाबाईंना तर उचकी लागली, पाणी पाजावं लागलं. आणि डोळे पुसून होतात न होतात तोच छबूबाई म्हणाल्या, "मंग उद्या समाप्तीचा शिरा कोन करतंय?"

कादंबरीची समाप्ती! नैवेद्य! मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालच्या पायरीवरून आवाज आला.

"शिरा मी करीन."

सगळ्यांनी सारजाबाईंकडं पाहिलं. आत्ताच एका क्षयाच्या पोरीसाठी गळा काढलेला, पदर अजून ओला. नाही कशी म्हणणार? "करू दे की," त्या पुटपुटल्या.

इंद्रायणीनं माझ्या चुलीवर शिरा केला. रवा भाजताना तिचा चेहरा नुसता फुललेला. इतक्या दिवसांनी हातात उलथनं आलं होतं. "ताई," ती म्हणाली, "चारचौघीत आत्यांनी माझ्या हातचं खाल्लं की घरात न्हाई कसं म्हनतील? आन पर्साद कोन टाकतं व्हय? एकदा चूल हातात आली ना, मंग मला कोन धाडतंय चाकनला." तुपाचा वास आळीभर गेला होता. मलाही वाटलं, साधलं पोरीनं. त्या पुस्तकानं एवढं केलं तरी मी कुंकवाचा डाग माफ करायला तयार होते.

नैवेद्य दाखवला. इंद्रायणीनं मूद मूद शिरा एकेकीच्या तळहातावर ठेवला. मी पहिल्यांदा खाल्ला, सगळ्यांना दिसेल असा. आणि मग काय बघते, तर छबूबाईंनी शिरा डोळ्यांना लावला, पदराच्या टोकात घेतला आणि गाठ मारली.

"घरी पोरं हाईत."

"माझा बाई आज गुरुवार."

"आत्ताच जेवून आले, संध्याकाळी खाईन."

गाठीवर गाठी! तूप पाझरून पदरांना डाग पडत होते, पण एक घास कुणाच्या तोंडात जात नव्हता. सारजाबाईंनी सगळ्यात मोठी गाठ मारली. इंद्रायणी पातेलं धरून उभी होती, तिचं तोंड उतरत गेलं.

एकट्या कुशाबाईंनी बोळक्या तोंडात शिरा टाकला, चघळला आणि हात पुढं केला. "आनखी घाल गं. गोष्ट भिकार व्हती, शिरा ब्येस झालाय."

मी चाट पडले. "मावशी, तुम्ही तर रोजाला जहाजात घालायला निघाला होता!"

"मंग? आत्ताबी म्हंते. ती परकी. ही आपल्या आळीची सून हाय." असं म्हणून त्यांनी बोटं चाटली. घ्या! या बाईला शहाणी म्हणावं की वेडी, मला अजून कळलेलं नाही.

बायका पांगल्या. मी आणि इंद्रायणी पातेलं घेऊन निघालो. आळीच्या वळणावर मारुतरावांची गाय बांधलेली असते, आणि तिच्यापुढं रांग! एकेकजण गाठ सोडतेय, गाईला चारतेय, हात झटकून पुढं जातेय. गाईची चंगळ. शेवटी सारजाबाई. गाय त्यांच्या तळव्यावरचं तूप चाटत होती आणि त्या दुसऱ्या हातानं डोळे पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ती रोजा काय डोळ्याम्होरनं हलत न्हाई हो, सुमनताई."

माझं टाळकंच फिरलं. "लाज वाटत नाही? मेलेल्या, कागदावरच्या बाईसाठी रडता आणि हिच्या हातचा प्रसाद गाईला घालता?"

"गाईच्या मुखात गेला, वाया न्हाई गेला," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांना माझ्यामागं इंद्रायणी दिसली.

इंद्रायणी ओरडली नाही. "आत्या," ती म्हणाली, "मी मेले न्हाई, एवढंच माझं चुकलं बघा. मेले असते तर तुमी माझ्यासाठी बी रडला असता." पातेलं तिनं माझ्या हातात दिलं. "दिवाळीपातूर कशाला? मी उद्याच जाती. न्यायला यायचं असलं तर तुमी या. आन उपाशी या. माझ्या हातचं जेवायचं, मंगच मी उठनार."

रात्रीच निरोप गेला, दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ ज्योतीराम आला आणि नाशिक फाट्यावरून एस.टी.नं तिला घेऊन गेला. मुरारी नुसता सायकल धरून उभा राहिला. मी घरात येऊन भांडी आपटत होते, तर दारात सारजाबाई. मला वाटलं, आली बाबा पश्चात्ताप करायला. तर म्हणतात काय, "सुमनताई, म्होरली कधी लावताय? जरा कमी रडू येनारी आना बाई."

दाराची कडी माझ्या हातातच राहिली. "लावणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही चाकणला जाऊन तिच्या हातचं जेवत नाही तोवर ओट्यावर पान उघडणार नाही मी. जा, सांगा सगळ्यांना."

मी रागानं बोलून गेले होते, पण बायकांनी ते मनावर घेतलं. दुपारी ओट्यावर येऊन बसायच्या, पाट मांडायच्या, माझ्या दाराकडं बघायच्या, आणि मग सगळ्या मिळून सारजाबाईंच्या मागं लागायच्या. "तुझ्यापायी आडलंय समदं! जा की, दोन घास तर खायाचं!" ज्यांनी स्वतः गाईला शिरा चारला त्याच! छबूबाई तर सगळ्यात पुढं. कुशाबाई म्हणायच्या, "मी खाल्ला, मेले का?" मुरारीही एकदा जेवणाच्या ताटावरून उठून गेला म्हणे, आईनं वाढलेलं तसंच टाकून. तेव्हा मात्र सारजाबाईंचा धीर सुटला.

सुट्टीच्या दिवशी मायलेक चाकणला गेले. संध्याकाळच्या एस.टी.नं तिघं परत आले. दुसऱ्या दुपारी ओट्यावर सगळी आळी जमा, आणि इंद्रायणी खालच्या पायरीवर न थांबता सरळ वर येऊन बसली, सासूच्या शेजारी. सारजाबाई जराशा सरकल्या, पण उठल्या नाहीत. मी बघतच होते.

"काय हो, जेवलात?" मी विचारलं.

"जेवले की," सारजाबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या. "पिठल्यात मीठ जास्त व्हतं."

"दुसऱ्यांदा वाढून घेतलं तवा न्हाई लागलं व्हय ते, आत्या?" इंद्रायणी म्हणाली.